उजनी भरलं, मग मामाची लाईट का गेली? १२ मेगावॅटचा एक हिशोब

ऑगस्ट २०२४. उजनी धरण शंभर टक्क्याच्या वर गेलेलं, सोलापूरच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवाज्यातनं उसळणाऱ्या पाण्याचे व्हिडिओ, लोक वर्षभराचं टेन्शन मिटलं म्हणून हात जोडलेले इमोजी टाकतायत, आणि नेमकं त्याच आठवड्यात मोहोळ तालुक्यातल्या आमच्या मामाच्या वस्तीवर सलग चार दिवस लाईट नाही. डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळलेला. चौथ्या दिवशी रात्री मामाचा फोन.

"मास्तर, तू पोरांना लाईटचंच शिकवतोस ना? मग मला एवढं सांग. धरण आपलं, पाणी आपलं, धरणाच्या पायथ्याला लाईट काढायचं मशीन ते पण आपल्याच जिल्ह्यात. अन् मी मेणबत्ती लावून जेवायलोय. हे कसं काय?"

मी म्हणलं, "मामा, तुमची डीपी जळलीय, उजनीचा त्यात काय संबंध?"

"ते मला माहीताय. पण संबंध नाही म्हणजे काय नाही, ते मला समजंल असं सांग."

मला लगेच सांगता आलं नाही. म्हणजे शब्द होते, ग्रीड, फीडर, ट्रान्समिशन वगैरे, पण मामाला पटेल असा हिशोब नव्हता. मी सोलापुरात डिप्लोमाला इलेक्ट्रिकल शिकवतो, शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्ट द्यायचाच होता, तर चार जणांच्या एका ग्रुपला हाच प्रश्न जसाच्या तसा दिला. धरण भरलंय, मग लाईट का नाही. पुढचं सगळं त्या सहा-सात महिन्यांत जे निघालं त्याचं आहे.

आधी मशीन केवढं ते बघू

उजनीच्या पायथ्याच्या पॉवर हाऊसची क्षमता १२ मेगावॅट. पोरांना पहिल्यांदा हा आकडा सांगितला तेव्हा एकजण म्हणला सर एक शून्य राहिलं का. नाही राहिलं. १२ च.

मामाच्या भाषेत सांगायचं तर पाच एचपीच्या अडीच-पावणेतीन हजार मोटारी एका वेळी चालतील एवढी वीज. एका तालुक्यातल्या मोटारींना सुद्धा पुरणार नाही. आणि त्याच जिल्ह्यात, सोलापूर शहराच्या जवळ, एनटीपीसीचं कोळशाचं स्टेशन आहे, ६६० चे दोन संच, १३२० मेगावॅट. म्हणजे उजनीच्या ११० पट. गंमत अशी की त्या कोळशाच्या स्टेशनला लागणारं पाणी पण उजनीतनंच पाइपलाइननं जातं. म्हणजे उजनीच्या पाण्याचा विजेशी संबंध आहे, लई मोठा आहे, फक्त आपण समजतो त्या बाजूनं नाही.

आता १२ च का? पेपरात पाण्याच्या बातमीत एक ओळ कायम असते, वीजनिर्मितीसाठी १६०० क्युसेक. सोलापूरकरांना ही ओळ पाठ आहे. पोरांना म्हणलं या दोन आकड्यांवरनं उलटा हिशोब करा. १६०० क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण ४५ घनमीटर पाणी. पाण्यातनं मिळणारी वीज म्हणजे पाणी गुणिले पडण्याची उंची गुणिले ९.८१, वरनं मशीनची कार्यक्षमता धरायची, आपण ९० टक्के धरली. १२ मेगावॅट यायचे असतील तर उंची निघते बरोबर ३० मीटरच्या आसपास. बास. तीस मीटर. दहा मजली बिल्डिंग.

इथंच प्रकरणाची पहिली गाठ सुटते. जलविद्युतमध्ये पाणी किती आहे याला जेवढी किंमत तेवढीच ते किती उंचीवरनं पडतंय याला. उजनीत पाणी मायंदाळ आहे, ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) धरण, पण ते सपाट मुलखात पसरलंय, इंदापूर, करमाळा, भिगवणपर्यंत. पसरट ताट. ताटातनं पाणी कितीही ओता, धबधबा होत नाही.

आणि त्या ११७ मधलं सगळं पाणी कामाचं नाही. जिवंत साठा ५३.५७ टीएमसी, मृत साठा ६३.६६. म्हणजे मेलेलं जिवंतापेक्षा जास्त, असं धरण बघायला मिळणं अवघडच. टक्केवारी फक्त जिवंत साठ्यावर मोजतात, म्हणून तर आपल्याकडं ती वजामध्ये जाते, बाहेरच्या माणसाला हे सांगताना नाकी नऊ येतात, धरण वजा पन्नास टक्के म्हणजे काय, पाणी उसनं घेतलं का म्हणतात. शून्य टक्क्याला पातळी असते ४९१.०३ मीटर आणि शंभर टक्क्याला ४९६.८३. मधली सगळी उलाढाल सहा मीटरच्या आत. पिण्याचं पाणी, ऊस, कॅनॉल, पॉवर हाऊस, राजकारण, सगळं त्या पावणेसहा मीटरवर चालतं.

पोरांनी मांडलेला हिशोब

ग्रुपमधल्या मुलीनं एक चांगलं काम केलं, ती करमाळ्याकडची आहे, तिच्या आजोबांचं जुनं गाव पाण्याखाली गेलेलं. तिनं टीएमसीवर युनिट काढले. १२ मेगावॅटचं मशीन दिवसभर चाललं तर २ लाख ८८ हजार युनिट. त्या एका दिवसात १६०० क्युसेकनं पाणी जातं ०.१३८ टीएमसी. म्हणजे एक टीएमसी पाण्यात मशीन सव्वासात दिवस चालतं आणि साधारण २० लाख ८० हजार युनिट देतं. सगळं वर्ष न थांबता चालवायचं म्हणलं तर ५० टीएमसी लागतील, म्हणजे जवळजवळ सगळा जिवंत साठा. आणि मिळणार किती? साडेदहा कोटी युनिट.

ऐकायला मोठं वाटतं. एनटीपीसीचे दोन्ही संच फुल लोडवर चालले तर एवढी वीज सव्वातीन दिवसात तयार होते.

बरं, ते ५० टीएमसी मशीनमधनं जाणारच नाहीत. कॅनॉलला सोडलेलं पाणी मशीनमधनं जात नाही, भीमा-सीना बोगद्याचं जात नाही, सीना-माढा उपसा योजनेचं तर उलट मोटारी लावून वर उचलावं लागतं, म्हणजे तिथं धरणच वीज खातं. मशीनमधनं जातं फक्त ते पाणी जे नदीत सोडायचंय आणि तेही १६०० क्युसेकपर्यंतच. त्याच्यावरचं सगळं सांडव्यावरनं, ४१ दरवाज्यांतनं, तसंच वाया.

वाया म्हणल्यावर मामाचा दुसरा प्रश्न आलाच. "पुरात लाखभर क्युसेक सोडतेत की. तेवढं मोठं मशीन बसवा."

हा प्रश्न वेडगळ नाही, मी पोरांना तो सोडवायला लावला. लाख क्युसेक तीस मीटरवरनं म्हणजे कागदावर ७५० मेगावॅट. अर्धं एनटीपीसी! एकाचे डोळे चमकले. पण पूर किती दिवस असतो? वर्षातनं मोजके दिवस, आणि काही वर्षी एकही नाही. ७५० मेगावॅटचं मशीन उरलेले साडेतीनशे दिवस नुसतं गंज खात उभं. त्यात अजून एक गोष्ट आहे जी पोरांच्या लक्षात आली नव्हती आणि खरं सांगायचं तर मलाही बोर्डावर आकृती काढताना आठवली: पूर असतो तेव्हा धरणाच्या खालची नदी पण फुगलेली असते, खालची पातळी वर येते, म्हणजे पडण्याची उंचीच कमी होते. पाणी सगळ्यात जास्त असतं तेव्हाच तीस मीटर तीस राहत नाहीत. शिवाय पुराच्या दिवसांत पाऊस असतो, शेतीच्या मोटारी बंद, मागणीच कमी. वीज लागत नाही तेव्हा वीज, आणि मार्च-एप्रिलमध्ये उसाला पाणी तोडायची वेळ येते तेव्हा मशीन बंद.

मशीन बंद म्हणजे खरंच बंद. जिवंत साठा संपला की पॉवर हाऊसचं काम संपलं. जून २०२४ मध्ये धरण वजा पन्नासच्याही बरंच खाली होतं. त्या उन्हाळ्यात मी आणि मामा पळसदेवकडं गेलो होतो, पाणी हटल्यावर ते जुनं देऊळ उघडं पडतं, तेवढं बघायला. चिखल वाळून त्याच्या परातीएवढ्या खपल्या झालेल्या, त्यातनं जुन्या विहिरीचं कडं वर आलेलं, एका घराचा उंबरा जसाच्या तसा, शिंपले लागलेला. पोरं देवळाच्या शिखराजवळ सेल्फी काढत होती. मामा उंबऱ्याजवळ चप्पल काढून उभा राहिला, काही बोलला नाही. दोन महिन्यांत तेच सगळं परत पाण्याखाली. त्या वर्षी आषाढी झाली तरी धरण वजातच होतं, मग जुलैच्या शेवटाला शून्याच्या वर आलं आणि ऑगस्टमध्ये भरलं पण. सूर्य जसा रोज येतो तसं हे नाही. रिन्यूएबल आहे, हो, पण ते रिन्यू पुण्याच्या वरच्या डोंगरात पडणाऱ्या पावसावर होतं, सोलापुरात पडणाऱ्या पावसावर तर नाहीच.

उंची गेली कुठं

इथं प्रोजेक्टला वेगळंच वळण लागलं. एका पोरानं विचारलं, सर, भीमा तर भीमाशंकरहून निघते, एवढ्या उंच घाटावरनं, मग उंची मिळायला पाहिजे की. बरोबर आहे. पण नदी पूर्वेला वाहते, आणि पूर्वेला उतार हळूहळू. खरा कडा पश्चिमेला, कोकणाकडं. तिकडं पाचशे मीटर एका उडीत.

हे टाटांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं. खोपोलीचं पॉवर हाऊस १९१५ चं, भिवपुरीचं १९२२, भिऱ्याचं १९२७. मुळशीचं धरण बांधलं मुळा नदीवर, ती मुळा मुठेला मिळते, मग भीमेला, मग उजनीत यायला पाहिजे. पण धरणात अडवलेलं पाणी डोंगरातनं पलीकडं पाडलं भिऱ्याला, तिथनं कुंडलिका नदी, तिथनं अरबी समुद्र. कोलाडला राफ्टिंग करायला सोलापूरची पोरं हौसेनं जातात ते याच पाण्यावर! मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध, पण त्यांचं भांडण बुडणाऱ्या जमिनीचं होतं. आपलं भांडण पाण्याचं आहे आणि ते नंतर सुरू झालं, हे पाणी परत पूर्वेकडं वळवा ही सोलापूरकरांची मागणी आजही आहे.

मुलीनं तिच्या तक्त्यात एक ओळ वाढवली. एक टीएमसी उजनीत ३० मीटर पडलं तर २० लाख ८० हजार युनिट. तेच एक टीएमसी भिऱ्याला ५०० मीटर पडलं तर साडेतीन कोटीच्या जवळ. सतरा पटीला थोडं कमी.

या ओळीवर वर्गात भांडण झालं आणि ते मला आवडलं. एक पार्टी म्हणली, मग वीज तिकडंच काढू दे, देशाचा फायदा सतरा पट आहे. दुसरी पार्टी म्हणली, वीज तारेतनं कुठूनही आणता येते सर, पाणी तारेतनं येत नाही. माझं मत दुसऱ्या पार्टीच्या बाजूचं, आणि मी सोलापूरचा आहे म्हणून नाही, म्हणजे तेही आहेच. त्या काळी मुंबईला गिरण्या चालवायला दुसरी स्वस्त वीज नव्हती. आज दिवसा सोलर भरपूर आहे, युनिटला पर्याय निघाला. सोलापुरात काही दिवसांआड नळाला येणाऱ्या पाण्याला पर्याय निघालेला नाही. पण भिऱ्याच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे, तो टाळून चालत नाही.

तो मुद्दा म्हणजे वेळ. पाण्याच्या विजेची खरी किंमत युनिटात नसतेच, ती पाहिजे तेव्हा चालू आणि पाहिजे तेव्हा बंद यात असते. थंड पडलेला कोळशाचा संच परत लोडवर आणायला कित्येक तास जातात, पाण्याचं मशीन काही मिनिटांत फुल. ५ एप्रिल २०२० आठवतंय ना, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते ते? देशाची मागणी एका झटक्यात सुमारे ३१ हजार मेगावॅटनं पडली आणि नऊ मिनिटांनी परत वर आली. ग्रीड, म्हणजे देशभरातल्या विजेच्या तारांचं जाळं, पडलं नाही, फ्रिक्वेन्सी (ती ५० च्या आसपासच ठेवावी लागते) ४९.७ ते ५०.२६ च्या मध्ये राहिली, कारण देशभरातल्या जलविद्युत मशीनांनी १७ हजार मेगावॅटच्या वर लोड उतरवलं आणि परत चढवलं. आम्ही दारात पणती लावून थाळ्या वाजवत होतो (थाळ्या त्याच्या आधीच्या रविवारांपैकी एकाला, पण आमच्या गल्लीनं दोन्ही वेळा वाजवल्या), तेव्हा कंट्रोल रूममधल्या लोकांचं काय झालं असेल.

महाराष्ट्रात हे काम करते कोयना. १९६० मेगावॅट. संध्याकाळी सगळी घरं एकदम दिवे लावतात तेव्हा कोयनेला हाक मारतात. आणि कोयनेला पण रेशन आहे बरं का, कृष्णा पाणी लवादानं पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलीय, त्यामुळं तिथंही पाणी जपून, जास्त मागणीच्या वेळेपुरतं वापरतात. घाटघरला २५० मेगावॅटचं स्टेशन तर खालचं पाणी फालतू वेळच्या विजेवर परत वर चढवतं आणि गरजेला पाडतं, म्हणजे बॅटरीच झाली ती.

मग उजनीचं मशीन पण संध्याकाळी सहा ते दहाच चालवायचं का? पोरांनी हे सुचवलं, सोलापूरची संध्याकाळची वाढीव मागणी भागवायला. मी म्हणलं पेपरावर छान आहे. पण त्या पाण्याची वाट बघणारे कोण आहेत बघा. आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांच्या स्नानाला पाणी पाहिजे. सोलापूरचं पिण्याचं बरंच पाणी तेव्हा नदीनं टाकळीजवळच्या औज बंधाऱ्यापर्यंत यायचं, शंभर किलोमीटरच्या वर, ते सलग सोडलं तरच पोचतं, थांबून थांबून सोडलं तर वाळू पिऊन टाकते आणि काठावरच्या मोटारी उरलेलं. आणि रोज संध्याकाळी अचानक नदी वाढायला लागली तर पंढरपूरच्या वाळवंटातल्या माणसांचं काय? धरणाच्या खाली ते पाणी धरून ठेवून हळूहळू सोडायची सोय असेल तरच असला खेळ करता येतो. म्हणून उजनीचं मशीन ग्रीडच्या हाकेवर नाही, पाण्याच्या आवर्तनावर चालतं. नदीत पाणी सोडायचंच आहे तर जाता जाता फिरवून घेऊ, एवढंच त्याचं काम. फुकट मिळतंय ते घ्यावं, वाईट काही नाही. पण त्याच्या भरवशावर कुणाची लाईट चालत नाही.

मग मामाला उत्तर काय दिलं

मार्चमध्ये पोरांचं प्रेझेंटेशन होतं. मामा कांदा घेऊन बाजार समितीत आलेला, पट्टी मिळाल्यावर सरळ कॉलेजात आला, मागच्या बाकावर बसला. पोरं जरा बावरली.

एकानं ग्रीडचा नकाशा लावला. सोलापूरच्या लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट त्यात होती, मलाही ती सांगताना कॉलर ताठ होते: ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एक फ्रिक्वेन्सी, आणि त्याची गाठ मारली सोलापुरात. तेव्हापासून उजनीचं युनिट, कोयनेचं युनिट, तेलंगणातल्या रामागुंडमच्या कोळशाचं युनिट, सगळं एकाच हौदात. हौदातनं काढलेल्या तांब्यावर नाव नसतं.

"म्हणजे माझ्या बल्बात उजनीची लाईट नसतेच?" मामा.

"असते की मामा. पण चिमूटभर. अन् कुठली चिमूट ते कुणालाच सांगता येत नाही."

मुलीनं तिचा तक्ता दाखवला, त्यात शेवटची ओळ मामाच्या वस्तीची होती. त्या चार दिवसांत देशाचं ग्रीड चालू होतं, एनटीपीसी चालू, कोयना चालू, उजनीचं मशीन पण फिरत होतं कारण नदीत पाणी सोडलेलं होतं. सबस्टेशनपर्यंत लाईट होती, ११ केव्हीच्या फीडरवर, म्हणजे तिथनं गावाकडं येणाऱ्या लाईनवर, सुद्धा होती. बंद होतं ते फक्त शेवटचं एक लोखंडी डबडं, खांबावरचं, ज्याच्यावर झेपतात त्यापेक्षा जास्त मोटारी टाकलेल्या, अर्ध्या जणांनी आकडे मारलेले. ते जळालं. बदलून यायला चार दिवस लागले, फोन केले की बघतो म्हणायचे, पाचव्या दिवशी वस्तीवरच्या लोकांनीच ट्रॅक्टर देऊन नवा डीपी आणला.

मामा बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसला. मग म्हणला, "आकडे आमच्यातलेच मारतेत. ते खरं."

नंतर चहाला बसल्यावर विषय निघाला सोलरचा. मामाच्या गावाजवळच्या सबस्टेशनला सोलर जोडून शेतीच्या फीडरला दिवसा आठ तास लाईट द्यायची योजना आहे ना, तिचं बोलणं चाललं होतं. मी उत्साहात सांगत होतो, मामा, सोलापुरात ऊन सोडून दुसरं आहे काय, दिवसा ऊन वापरायचं आणि कोयनेचं पाणी संध्याकाळसाठी राखायचं, रात्री बॅटरी घेऊन उसात पाणी द्यायला जायची भानगड संपेल, साप-विंचवाची भीती नाही. मामानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"चांगलंच होईल की. दिवसा लाईट मिळाली तर कोण नको म्हणतंय." एक घोट घेतला. "पण डीपी तोच ना?"

"तोच."

"हं," म्हणला, आणि मुलीला विचारलं, "बाळ, तुमचं जुनं गाव नेमकं कुठंसं होतं?"